दोघांचं जेवण, पण रांधायचं कोणी?

फेब्रुवारी लागला की पोरांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, 'चौदा तारखेला कुठं नेतोस?' भंडाऱ्यातल्या पोराचं उत्तर बहुतेक वेळा नागपूर असतं. साठेक किलोमीटर जायचं, तितकंच परत यायचं. पेट्रोल, पार्किंग, दोन सूप, एक पनीर, चार रोट्या. बिल आलं की चेहऱ्यावर हसू ठेवून पाकीट चाचपायचं. नुकतीच नोकरी लागलेल्या आणि महिन्याच्या वीस तारखेलाच पगार संपणाऱ्या जोडप्याला हे परवडत नाही. मग कुणीतरी सुचवतं, 'घरीच कर ना काहीतरी. स्वस्तात होईल.'

सल्ला चांगलाच आहे. पण 'स्वस्तात' या शब्दात एक गोम आहे.

गेल्या वर्षी आमच्या एका मित्रानं हेच केलं. लग्नाला आठ महिने झाले होते. पनीर आणलं, मेणबत्त्या आणल्या, गुलाब आणला आणि बायकोला म्हणाला, 'आज मस्त काहीतरी बनव, आपण दोघंच जेवू.' तिनं बनवलं. फोटो निघाले. रात्री भांडीही तिनंच घासली. दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हाला खर्च सांगितला, 'फक्त तीनशे चाळीस!' आम्ही वाहवा केली. त्या हिशेबात तिची अख्खी संध्याकाळ कुठंच नव्हती, हे तेव्हा आमच्याही डोक्यात आलं नाही. तिच्यासाठी तो दिवस रोजच्यासारखाच होता, फक्त दोन भाज्या जास्तीच्या.

हे एका घरापुरतं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईची तेव्हा दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती. पुरुषाची 97. आणि ही 97 मिनिटंसुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच. असे पुरुष शंभरात 26 निघाले, बाया 81. म्हणजे घरचं जेवण स्वस्त पडतं, त्याचं एक मोठं कारण हे की रांधणाऱ्या हातांची किंमत आपण शून्य धरतो.

'अरे, पण मले येतच नाही काही,' असं म्हणणाऱ्यांना एकच विचारायचं. वैनगंगेच्या काठावर मित्रांसोबत पार्टीला जाता तेव्हा काय करता? तीन दगडांची चूल मांडणारा, डोळ्यांतून पाणी काढत किलोभर कांदे चिरणारा, रश्शाला तर्री येईस्तोवर जागचा न हलणारा कोण असतो? तुम्हीच ना? गावच्या जेवणावळीत भाताचे मोठाले गंज उतरवणारेही पुरुषच. हात आपल्याला आहेत, चवही कळते. घरच्या गॅसपाशी आलं की मात्र विद्या आठवत नाही.

तर यंदा बेत असा करा. दोनशेची एक नोट घ्या आणि बाजारात स्वतः जा.

आपला जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. शिजताना त्याचा जो वास घरभर फिरतो, त्यापुढे सुगंधी मेणबत्ती कशाला? या तांदळाचा गोळाभात करा. वाटीभर हरभरा डाळीचा भरडा घ्या. त्यात तिखट, हळद, हिंग, मीठ आणि दोन चमचे तेल घालून थोड्या पाण्यात भिजवा. दहा मिनिटांनी त्याचे सात-आठ गोळे वळा. वाटीभर तांदूळ तीन वाट्या पाण्यात शिजत ठेवा. भात अर्धा झाला की वर गोळे ठेवा, झाकण घाला आणि आच मंद करा. पंधरा-वीस मिनिटांत गोळे आतपर्यंत शिजतात. वाढताना गोळा भातात कुस्करायचा आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची गरम फोडणी ओतायची.

सोबत कढी. वाटीभर आंबट दही, चमचाभर बेसन, दोन वाट्या पाणी हे एकत्र घुसळा आणि उकळी येईस्तोवर ढवळत राहा, नाहीतर फुटते. जिरं, कढीपत्ता, हिरवी मिरचीची फोडणी द्या, वरून सांभार टाका. गोडाला मूठभर चिन्नोरचीच खीर. अर्धा लिटर दूध आणि साखर घातली की झालं. भाव रोज बदलतात, पण तेल-मसाला घरचा धरला तर दोनशेत हे सगळं बसतं आणि चार पैसे उरतात.

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. आजीचं पितळी ताट माळ्यावर असेल तर घासूनपुसून जरूर काढा. फक्त त्याला कल्हई नसेल तर त्यात कढी वाढू नका. आंबट पदार्थ पितळेत कळकतो.

आता खरी अडचण. घरात आईबाबा, आजी, धाकटा भाऊ. दोन खोल्या. 'दोघंच जेवू' म्हणायचं कसं? आणि पोरगा ओट्यापाशी उभा दिसला की आई म्हणणार, 'तू सर बाजूले, सून आहे ना!' इथं चिडू नका आणि लाजूही नका. भात सगळ्यांपुरता टाका, खर्च थोडा वाढेल. आईला ताटावर बसवा आणि पहिलं गरम वाढप तिला करा. तिलाही असं कुणी कधी वाढलं होतं, विचारून पाहा. सगळ्यांचं झालं की तुम्ही दोघं गच्चीवर नाहीतर अंगणात बसा.

रूमवर राहणाऱ्यांना एवढी भानगड नाही, पण तिथंही 'तू भाजी कर, मी गाणी लावतो' चालणार नाही.

कारण आपल्याकडच्या कितीतरी घरांत बाई सर्वांत शेवटी जेवते. तोवर भात निवलेला असतो आणि नवरा हात धुऊन मोबाइलवर असतो. वर्षानुवर्षं एका घरात राहून दोघं एका वेळी जेवलेलीच नसतात. तिच्या ताटात वाफाळता गोळाभात पडावा, तिला मधेच मीठ आणायला उठावं लागू नये आणि समोर तुम्ही जेवत असावं, एवढंच करायचं आहे.

गोळे फुटले तर फुटू द्या. ती हसेल. तुम्हीही हसा. मग भांडी घासायला उठा.

आणि पंधरा तारखेला गॅस कोण पेटवणार, तेही त्याच रात्री ठरवून टाका.