जुनी दुर्बीण

‘जुने ते सोने’ असे आपण वारंवार म्हणतो. परंतु घरातील वा शाळेतील एखादी वस्तू जुनी झाली म्हणजे तिला सोन्यासारखे जपणारे किती असतात? ती वस्तू प्रथम कपाटाच्या तळाशी जाते, तेथून माळ्यावर चढते आणि अखेर एके दिवशी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून निघून जाते. आमच्या गावच्या शाळेतील दुर्बिणीची हीच गत व्हावयाची होती. ती टळली, आणि ती टळताना मला जे उमगले, ते तुम्हां मुलांपुढे मांडावे असे वाटते.

झाले असे की, दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपल्यावर शाळेची प्रयोगशाळा आवरण्याचे काम निघाले. मी त्या शाळेचा जुना विद्यार्थी. म्हणून मदतीला गेलो होतो. एका कपाटातून लांबट लाकडी पेटी निघाली. पेटीत दुर्बीण होती. तिच्या पुढच्या भिंगावर धुळीचा थर बसला होता व कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसत होती. तिपाईचा एक पाय मोडला होता. प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी जे चक्र फिरवावयाचे, ते जागच्या जागी घट्ट बसले होते. सातवीतील एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, ही मोडीत घाला. आपण वर्गणी काढून नवी आणू. शहरातल्या दुकानात मी एक पाहिली आहे. तिच्या खोक्यावर ‘५०० पट मोठे दिसते’ असे छापले आहे.” इतर मुलांनीही माना डोलावल्या. गुरुजी हसून म्हणाले, “नवी आणायला माझी ना नाही. पण हिच्यात नेमके काय बिघडले आहे, ते आधी पाहू या.”

गुरुजींचे हे बोलणे मला फार मोलाचे वाटते. एखादी वस्तू टाकून देण्यापूर्वी तिच्यात काय बिघडले आहे हे पाहणे, हे आपले कर्तव्य आहे, असे माझे मत आहे. दुर्बिणीच्या बाबतीत तर हे कर्तव्य पाळल्यावाचून दुर्बीण म्हणजे काय हेच आपल्याला कळत नाही.

दुर्बिणीचे मोल कशात असते? ती वस्तू किती पट मोठी दाखविते यात, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. दुर्बिणीचे पहिले काम प्रकाश गोळा करणे हे होय. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर रुंद होते. आमच्या दुर्बिणीचे भिंग ६० मिलिमीटर व्यासाचे होते. म्हणजे ते डोळ्याच्या सुमारे सत्तरपट प्रकाश गोळा करणार. मग प्रतिमा किती मोठी करावयाची, हे डोळ्याजवळच्या छोट्या भिंगावर, म्हणजे नेत्रिकेवर, अवलंबून असते. मोठ्या भिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की उत्तर मिळते. आमच्या दुर्बिणीचे नाभीय अंतर ९०० मिलिमीटर होते. तिला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की चंद्र ३६ पट मोठा दिसतो. नेत्रिका बदलून हा आकडा वाढविता येतो खरा. पण भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर असेल, त्याच्या दुपटीपलीकडे गेले की प्रतिमा अंधूक व अस्पष्ट होते. ६० मिलिमीटरच्या भिंगाला १२० पट ही मर्यादा झाली. तेवढ्याच भिंगाच्या खोक्यावर कोणी ५०० हा आकडा छापला, तर तो ग्राहकाला भुलविण्यासाठीच होय.

हे समजल्यावर मुलांचा नूर पालटला. पुढचे भिंग शाबूत होते. काचेला वार्धक्य नसते. बिघडले होते ते सारे भोवतालचे होते आणि ते सुधारणे आपल्या हातचे होते. गुरुजींनी कामे वाटून दिली. चक्रातील जुने वंगण वाळून डिंकासारखे घट्ट झाले होते. मुलांनी त्याचे धातूचे भाग भिंगापासून दूर नेऊन रॉकेलने स्वच्छ केले व त्यांना थोडे नवे वंगण लावले. गावच्या सुतारदादांनी सागवानी तिपाई करून दिली. तिच्या मध्यभागी दगडांनी भरलेली पिशवी टांगताच दुर्बिणीचे थरथरणे थांबले. हलत्या तिपाईवर उत्तम भिंगही निरुपयोगी ठरते, हे त्या दिवशी सर्वांना पटले.

भिंग साफ करण्याची पाळी आली तेव्हा एका मुलाने उत्साहाने खिशातला रुमाल काढला. गुरुजींनी त्याचा हात धरला. धुळीत वाळूचे बारीक कण असतात. कोरड्या कापडाने पुसले की तेच कण काचेवर ओरखडे काढतात. म्हणून प्रथम रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी, मग अगदी मऊ कुंचला हलक्या हाताने फिरवावा आणि एवढ्यावर भागत असेल तर तेथेच थांबावे. थोड्याशा धुळीने दिसण्यात फारसा फरक पडत नाही. वाईट रीतीने पुसल्याने मात्र पडतो. बुरशीची गोष्ट वेगळी. ती फार दिवस राहिली तर काचेवर कायमचे डाग पाडते. म्हणून ते भिंग तालुक्याच्या गावी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या कारागिराकडे नेले. दुर्बिणीचे पुढचे भिंग सहसा दोन काचांचे असते. त्यांचा क्रम व त्यांच्या बाजू बदलून चालत नाही. म्हणून ती उघडण्यापूर्वी त्या कारागिराने काचांच्या कडांवर पेन्सिलीने खूण केली. खरा जाणता मनुष्य हात घालण्यापूर्वी परतीची वाट आखून ठेवतो, हे मुलांनी तेथे पाहिले.

पेटीत आणखी एक वस्तू होती : नेत्रिकेवर बसविण्याची काळी काच. तिच्यातून सूर्य पाहावा, असे तिच्यावर लिहिले होते. ती काच मात्र गुरुजींनी सर्वांसमक्ष फोडून टाकली. दुर्बिणीने एकवटलेल्या सूर्याच्या उष्णतेने अशी काच एकाएकी तडकते आणि पाहणाऱ्याचा डोळा क्षणात कायमचा जाऊ शकतो. दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नये. सूर्य पाहावयाचा तो जाणत्या मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली आणि दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसविलेल्या योग्य गाळणीतूनच. जुने म्हणून सारेच जपावयाचे नसते. काय ठेवावे व काय टाकावे, हा विवेक हवा.

वर्गणीचे पैसे थोडे जमले होते. त्यांतून मुलांनी दोन चांगल्या नेत्रिका घेतल्या. जुन्या छोट्या दुर्बिणींच्या नेत्रिका सुमारे एक इंच जाडीच्या असतात, तर आजच्या सव्वा इंचाच्या. म्हणून जोड देणारे एक कडेही घ्यावे लागले. एवढ्या खर्चात त्या दुर्बिणीला नवी दृष्टी आली. आरशाच्या दुर्बिणीलाही हीच रीत लागू आहे. तिच्या आरशावरील ॲल्युमिनियमचा मुलामा काही वर्षांनी झिजतो. तो उतरवून नवा चढविता येतो. आतील काचेचा परिश्रमपूर्वक घडविलेला आकार तसाच राहतो. ज्याने १७८१ साली युरेनस ग्रह शोधला, त्या विल्यम हर्शेलचे आरसे तर धातूचे होते व ते काळवंडत असत. तो व्यवसायाने संगीतकार. आपले आरसे तो स्वतः घासून पुन्हा पुन्हा उजळीत असे आणि तो तासन्‌तास कामात गढला म्हणजे त्याची बहीण कॅरोलिन त्याला आपल्या हाताने घास भरवीत असे. पुढे कॅरोलिननेही अनेक धूमकेतू शोधले.

जुन्या दुर्बिणीचे खरे मोल ज्याने जाणले, अशा आपल्या देशातील एका पुरुषाची कथा तुम्हांला सांगितली पाहिजे. राधागोविंद चंद्र हे त्याचे नाव. त्यांचा जन्म १८७८ साली जेसोरजवळच्या एका खेड्यात झाला. ते ठिकाण आज बांगलादेशात आहे. प्रवेश परीक्षेत ते तीनदा नापास झाले व पुढे सरकारी खजिन्यात साध्या नोकरीला लागले. परंतु आकाशाची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. १९१२ साली त्यांनी ३ इंच व्यासाची दुर्बीण विकत घेतली. १९१८ साली गरुड तारकासमूहात एक नवतारा एकाएकी प्रकटला. तो त्यांनी स्वतंत्रपणे पाहिला व त्याच्या नोंदी अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेकडे धाडल्या. काही ताऱ्यांचे तेज कमीअधिक होत असते. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. अशा ताऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतील हौशी निरीक्षकांच्या संघाने चंद्रबाबूंना आपले सभासद करून घेतले आणि १९२६ साली त्यांच्याकडे ६ इंचांची एक दुर्बीण पाठविली. ती कोरी करकरीत नव्हती. चार्ल्स एल्मर नावाच्या अमेरिकन हौशी निरीक्षकाची ती होती. समुद्र ओलांडून ती बंगालच्या खेड्यात आली. १९५४ पर्यंत चंद्रबाबूंनी ३७,००० हून अधिक नोंदी केल्या. त्यानंतर त्यांनी ती दुर्बीण पुढच्या हाती सोपविली. ती ज्योतिर्विद वेणू बाप्पू यांच्याकडे गेली आणि अखेर तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत पोचली.

या कथेत एक गोष्ट मला विशेष मोठी वाटते. ती दुर्बीण एल्मरने निष्काळजीपणे वापरली असती, तर चंद्रबाबूंच्या हाती काय आले असते? आणि बंगालच्या दमट हवेत चंद्रबाबूंनी ती जपली नसती, तर पुढच्यांच्या हाती काय उरले असते? ज्याच्या हाती वस्तू येते, तो तिचा मालक असतो हे खरे. पण तो तिचा विश्वस्तही असतो. आपल्या नंतर येणाऱ्या, आपण कधीही न पाहिलेल्या मनुष्यासाठी तो ती राखीत असतो.

यावर कोणी म्हणेल, “नव्या दुर्बिणी आपोआप तारा शोधून देतात, मग जुन्याचा एवढा सोस कशाला?” हा आक्षेप अगदीच खोटा नाही. ज्याला फिकट, दूरच्या दीर्घिका पाहावयाच्या आहेत, त्याला मोठ्या व्यासाचे साधन हवेच. भिंगच तडकलेले असेल, तर दुरुस्तीवर पैसा घालविणेही शहाणपणाचे नव्हे. अशा वेळी १९४४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांतील जाणकारांचा सल्ला घ्यावा. परंतु नवे घेणाऱ्यालाही ते राखावे लागतेच. ज्याने एक जुनी दुर्बीण खोलून, पुसून, जुळवून पाहिली, त्याच्या हाती नवी दुर्बीणही सुरक्षित राहील. ज्याला फक्त विकत घेणे ठाऊक आहे, त्याची नवी दुर्बीण चार पावसाळ्यांनी पुन्हा त्याच कपाटात जाईल.

दुरुस्ती पुरी झाल्यावर शाळेच्या मैदानात दुर्बीण उभी केली. आकाशात गुरू तेजाने चमकत होता. मोडीत घालण्याची सूचना करणाराच मुलगा सर्वांत पुढे होता. त्याने डोळा लावला आणि बराच वेळ तो काही बोलेना. गुरूच्या दोन्ही बाजूंस ओळीने चार ठिपके उभे होते; जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने पाहिलेले तेच हे चंद्र. अखेर तो म्हणाला, “गुरुजी, उद्या हे ठिपके येथेच असतील का?” गुरुजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी एक कोरी वही त्याच्या हाती दिली व म्हणाले, “आज दिसते तसे काढून ठेव, उद्या पुन्हा बघ.”

आज ती वही निम्मी भरली आहे. पेटीत ओल शोषून घेणाऱ्या खड्यांची पुडी ठेवलेली असते व पावसाळ्यात मुले ती आठवणीने बदलतात. तो मुलगा आता नववीत गेला आहे. जाण्यापूर्वी त्याने सातवीच्या मुलांना भिंगावरची धूळ कशी उडवावी हे शिकविले आणि त्यांनी खिशातले रुमाल बाहेर काढू नयेत, अशी ताकीदही दिली.

मुलांनो, तुमच्या शाळेतही एखादे कपाट असेल. नवे मागण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहा.