केबिनचा दर्जा आणि केबिनची जागा

मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून गोव्याकडे अथवा लक्षद्वीपकडे निघणाऱ्या क्रूझची चौकशी करावयास गेलेल्या कुटुंबापुढे जे दरपत्रक ठेवले जाते, त्यावर सामान्यतः इनसाइड, ओशन व्ह्यू, बाल्कनी आणि सूट असे चार वर्ग लिहिलेले असतात. आणि त्यांच्यासमोर चढत्या क्रमाने मांडलेल्या आकड्यांपैकी आपली ऐपत जेथवर पोहोचते तेथे खूण केली, म्हणजे केबिनची निवड झाली, अशी ग्राहकाची समजूत करून देण्यात येते. ही समजूत चुकीची आहे, आणि तिचा त्रास घरातील वडीलधाऱ्या माणसांना सर्वांत अधिक होतो, म्हणून तिचा परामर्श घेणे अगत्याचे वाटते. केबिनचा दर्जा हा दुय्यम विचार होय; ती बोटीच्या कोणत्या मजल्यावर आहे, नाळेकडे म्हणजे पुढच्या टोकाला आहे की मध्यभागी, तिच्या माथ्यावर काय आहे आणि पायाखाली काय, हा पहिला विचार होय.

हा विचार आपल्या लोकांस नवा आहे असेही नाही. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत कोकणात जात असत, त्या काळी डेकचे तिकीट काढलेला प्रवासी बोटीवर पाऊल पडताच प्रथम जागा पाहून सतरंजी पसरीत असे. कारण तिकिटाचा दर शेजाऱ्याचा आणि आपला एकच असला, तरी रात्र सुखाची जाणार की हालाची, हे जागेवर ठरते, याची त्याला पुरती जाणीव होती. आज दर चार झाले, खोल्यांना दारे आली, वातानुकूलन आले. समुद्र मात्र तोच आहे, आणि बोट लागणेही तेच आहे.

बोट लाटांवर मुख्यतः दोन प्रकारे हेलकावे खाते. नाळ उचलली की पिछाडी खचते आणि पिछाडी उचलली की नाळ खचते, हा लांबीचा हेलकावा; आणि डावीउजवीकडे आळीपाळीने कलणे, हा आडवा. तराजूची पारडी कितीही वरखाली झाली, तरी दांडीचा मध्य जवळजवळ स्थिर असतो, तद्वत लांबीच्या हेलकाव्यात बोटीच्या मध्यभागी असलेल्या प्रवाशाला जो धक्का अल्प जाणवतो, तोच नाळेजवळच्या प्रवाशाचे पोट ढवळून काढतो. आणि आडव्या हेलकाव्यात जो जितक्या उंच मजल्यावर, तितका त्याचा झोका मोठा. आधुनिक बोटींना पाण्याखाली पंखासारखे स्थिरक बसवलेले असतात व त्यांनी आडवे कलणे पुष्कळ कमी होते हे खरे. परंतु लांबीच्या हेलकाव्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही, ही गोष्ट विक्रेत्यांच्या बोलण्यात क्वचितच येते. यातून निघणारा निष्कर्ष दरपत्रकाच्या अगदी उलट आहे : अधिक मोलाच्या केबिन बहुधा वरच्या मजल्यांवर असतात, आणि ज्याला बोट लागण्याची भीती आहे, त्याच्या हिताची केबिन मात्र खालच्या मजल्यावर, मध्यभागी, पुष्कळदा कमी दरात असते.

आवाजाचा मामला याहून नाजूक आहे, कारण तो नकाशा उघडल्याशिवाय कळतच नाही. पोहण्याच्या तलावाच्या डेकखालची केबिन प्रशस्त असेल, परंतु सकाळी खुर्च्या ओढण्याचा खरखराट थेट उशाशी येतो; मुदपाकखान्याखाली भांड्यांचा आणि गाड्यांचा वावर रात्रीही थांबत नाही; नाटकगृहाच्या वरील खोलीत संगीताचा ठेका जमिनीतून चढतो; अगदी पुढे असणाऱ्यास बंदरात शिरताना आडवे ढकलणाऱ्या यंत्रांची घरघर आणि क्वचित नांगराच्या साखळीचा खडखडाट भल्या पहाटे जागे करतो; आणि अगदी मागे, खालच्या अंगाला, यंत्रांची थरथर सोबतीला असते. ज्या केबिनच्या वरही केबिन आणि खालीही केबिन, ती शांत, हा नियम बहुतेक ठिकाणी खरा ठरतो. तसेच दोन खोल्यांमध्ये जोडणारे दार असल्यास शेजारच्यांचे बोलणे ऐकू येते. परिचित कुटुंबाने दोन खोल्या घेतल्या असता तेच दार सोयीचे, अपरिचितांच्या शेजारी ते गैरसोयीचे.

आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी याहीपुढे जाऊन चौकशी करावी. केबिनच्या स्नानगृहाला बहुधा उंच उंबरा असतो, आणि बोट किंचित कललेली असता रात्रीच्या अंधारात तो उंबरा वृद्ध माणसाला पाडू शकतो. चाकांच्या खुर्चीसाठी रुंद दारांच्या, बिनउंबऱ्याच्या केबिन असतात, पण मोजक्याच, त्यामुळे त्यांची मागणी फार आधी नोंदवावी लागते. चौघांची म्हणून जी केबिन दिली जाते, तीत तिसरा आणि चौथा बिछाना पुष्कळदा भिंतीतून किंवा छतातून उघडणारा असून त्यावर शिडीने चढावे लागते. नातवंडांना त्यात मौज वाटेल, गुडघे दुखणाऱ्या आजीला तो बिछाना देणे हा अन्याय होय. उद्वाहन दाराशी नसावे, तथापि लांबही नसावे. कारण मोठ्या बोटीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणे ही थट्टेची बाब नव्हे. खिडकीची केबिन घेतानाही समोर जीवनरक्षक नौका टांगलेली नाही ना, याचा खुलासा करून घ्यावा. खालच्या मजल्यावरील खिडक्या उघडत नाहीत. प्रकाश आणि क्षितिज मिळते, वारा मिळत नाही.

आता बाल्कनी. १९८४ साली ‘रॉयल प्रिन्सेस’ ही बोट जेव्हा सर्वच केबिन बाहेरच्या अंगाला आणि त्यांतील पुष्कळ बाल्कनीसह घेऊन पाण्यात उतरली, तेव्हा ती नवलाई होती. १९९० साली फ्रान्सच्या सेंट नाझेर येथे बांधलेल्या आणि २०२१ पासून मुंबईहून सहली करीत आलेल्या ‘एम्प्रेस’वर बाल्कन्या थोड्या आहेत, कारण तिच्या जन्मकाळी तो प्रघात रुजावयाचा होता. पुढे तो इतका रुजला, की बाल्कनीवाचून क्रूझ म्हणजे अपूर्ण क्रूझ, असे लोक बोलू लागले. या बोलण्याशी मी सहमत नाही. मुंबईहून दिवस कलताना निघून रात्रभर गोव्याकडे जाणाऱ्या बोटीवर बाल्कनीचा उपयोग तो कितीसा? दक्षिणेकडे जाताना उजव्या अंगाला पश्चिम येते, म्हणजे सूर्यास्त उजव्या बाजूच्या केबिनला लाभतो, डावीला लाभत नाही, आणि परतीच्या वाटेवर हे उलटते, त्यानंतर काळोखच. तोच सूर्यास्त वरच्या खुल्या डेकवर सर्व दरांच्या प्रवाशांना समान हक्काने पाहावयास मिळतो. परंतु अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या ज्या आईवडिलांना अलास्काची सफर घडते, अथवा जे नॉर्वेच्या फ्योर्डमधून जातात, त्यांनी बाल्कनीसाठी अवश्य जादा पैसे द्यावेत; तेथे हिमनद्या आणि डोंगर तासन् तास जवळून सरकत असतात, थंडी बोचरी असते, आणि शालीत गुरफटून आपल्याच दाराशी बसून ते दृश्य पाहण्याची मुभा लाखमोलाची आहे.

बिनखिडकीची इनसाइड केबिन तरुणांनी खुशाल घ्यावी. गाढ अंधारात झोप उत्तम लागते आणि वाचलेला पैसा बंदरात उतरल्यावर उपयोगी पडतो. ज्याला कोंडल्यासारखे वाटते, किंवा क्षितिज दिसले की ज्याची मळमळ शमते, त्याने मात्र ती टाळावी. सूटविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. ज्याला परवडतो त्याने घ्यावा, पण जागा पाहून. मुंबईच्या क्रूझवर जाणाऱ्या सर्वसाधारण मराठी कुटुंबाला माझी शिफारस एकच : खालचा मजला, मध्यभाग, साधी खिडकी.

ही शिफारस अमलात आणण्यात मुख्य अडचण अशी, की पुष्कळ ठिकाणी ग्राहकाकडून पैसे घेतले जातात ते केवळ वर्गाचे, आणि केबिनचा क्रमांक कंपनी आपल्या सवडीने मागाहून ठरवते. स्वस्ताईसाठी जाणूनबुजून ही अट स्वीकारणाऱ्याची तक्रार नसावी. परंतु ज्याला या अटीची वार्ताच नाही, त्याच्याकडून पूर्ण रक्कम वसूल करणे हा सचोटीचा व्यवहार नव्हे. सहली विकणाऱ्या आपल्याकडील संस्थांनी दरपत्रकासोबत प्रत्येक मजल्याचा नकाशा द्यावा आणि पावतीवर मजला व केबिनचा क्रमांक नोंदवावा, किंवा क्रमांक मागाहून मिळणार असल्यास तसे मराठीत स्पष्ट लिहून द्यावे. आणि वाचकहो, तो नकाशा हाती पडून त्यावर आपल्या केबिनच्या वर काय व खाली काय हे पाहून होईपर्यंत पैसे भरू नका.