जलपरीक्षा वैद्याच्या दारी यावी

संधिशूल, कटिग्रह, मानेचा ताठरपणा ही लक्षणे दिसली की आपण वातव्याधीचा विचार करतो व स्नेहन-स्वेदन योजतो. मीही अनेक वर्षे तेच केले. एकाच वस्तीतून चार-पाच रुग्ण तीच तक्रार घेऊन आले, त्यांच्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले; तरीही ते कोणत्या कूपनलिकेचे पाणी पितात, हे मी विचारले नाही. ही कबुली येथे मुद्दाम देत आहे.

सुश्रुताचार्यांनी पाण्याचे स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य आणि विपाक असे सहा दोष सांगितले आहेत. पहिले चार इंद्रियगम्य आहेत. उरलेले दोन परिणामांवरून कळतात. फ्लोराइड, नायट्रेट वा आर्सेनिक असलेले पाणी नितळ, गंधहीन व चवीलाही निर्दोष असू शकते. निवळीच्या बीने गढूळपणा बसतो, उकळल्याने जंतू मरतात; परंतु हे विरघळलेले घटक जात नाहीत. उलट पाणी आटले तर त्यांचे प्रमाण वाढते.

भारतीय मानकानुसार फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम. क्षेत्रीय चाचणी संचातील झिर्कोनियमयुक्त रंजकाचा लालसर रंग फ्लोराइडमुळे पिवळसर होतो व रंगपट्टीशी ताडून काही मिनिटांत अंदाज येतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक गावातील पाच महिलांना अशा संचांचे प्रशिक्षण देण्याची योजना आखली.

हे वैद्याचे काम नव्हे, असे काही सहकारी म्हणतील. परंतु निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय. दूषित पाणी चालूच राहिले तर आपले तैल आणि गुग्गुळ काय करणार? अर्थात संचाचा निष्कर्ष अंतिम नव्हे; दोष आढळल्यास नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि तोवर पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दुसरा स्रोत सुचवावा.

प्रत्येक रुग्णपत्रिकेत पाण्याच्या स्रोताची नोंद असावी आणि प्रत्येक ग्रामीण चिकित्सालयात एक संच असावा, एवढीच विनंती. नाडी पाहणाऱ्या हाताने परीक्षानळी धरली, तर शास्त्राचा मान उणावणार नाही.