एजंटला काम द्या, चाव्यांचा जुडगा नको

परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. सेक्रेटरींना मेल बघणं, बिलं भरणं आता झेपत नाही, तर एक एआय एजंट लावूया. तो मेल वाचेल, लिफ्टवाल्याचं, टँकरचं बिल तपासेल आणि पेमेंटही करून टाकेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एवढंच विचारलं, "कॉसमॉस बँक आठवतेय का?"

११ आणि १३ ऑगस्ट २०१८. आपल्या पुण्यातल्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. ना तिजोरी फुटली, ना कुणी बंदूक दाखवली. एटीएममधून पैसे काढताना "देऊ का?" हा प्रश्न स्विचमार्फत बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जातो. चोरांनी मधेच बनावट स्विच बसवला आणि तो बँकेला न विचारताच "द्या, द्या" म्हणत राहिला. २८ देशांत बनावट कार्डांवर नोटा निघाल्या. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना दोषी ठरवलं.

धडा काय? मधल्या यंत्रावर आंधळा विश्वास ठेवला की मालक झोपेतच लुटला जातो. आणि एजंट म्हणजे असंच मधलं यंत्र.

चॅटबॉट नुसता बोलतो. एजंटच्या हातात टूल्स असतात: मेल, फाइली, पेमेंट. त्यात दोन भोकं आहेत.

एक, मालकाचा हुकूम कुठला आणि मेलमध्ये परक्याने लिहिलेलं वाक्य कुठलं, हे त्याला खात्रीने कळत नाही. "आमचा खाते नंबर बदललाय, इथे भरा" असं कुणी बिलात बारीक अक्षरात लिहिलं तर? जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट कोपायलटमधली अशीच त्रुटी उघड झाली. नुसता एक मेल पाठवून, समोरच्याने क्लिकही न करता, आतली माहिती बाहेर काढता येत होती. कंपनीने ती दुरुस्त केली.

दोन, टूल कुणी बनवलं? सप्टेंबर २०२५ मध्ये एजंटला मेल पाठवू देणारं 'पोस्टमार्क-एमसीपी' नावाचं टूल पकडलं गेलं. त्याच्या आधीच्या १५ आवृत्त्या स्वच्छ होत्या. पुढच्या आवृत्तीत फक्त एक ओळ वाढली, आणि प्रत्येक मेलची प्रत गुपचूप तिसऱ्याकडे जायला लागली.

मग वापरायचंच नाही? अजिबात नाही, मी स्वतः रोज वापरतो. पण माझ्या अटी अशा:

१. एजंटने बिल वाचावं, तपासावं, पेमेंट तयार ठेवावं. ओटीपी खजिनदारच टाकणार.
२. टूल्स मोजकीच, माहितीतल्या ठिकाणाहून घेतलेली. आपोआप अपडेट बंद.
३. त्याने काय काय केलं याची नोंद, आणि ती महिन्याला बघणारा एक माणूस.

एक काका म्हणाले, "अहो, माणूस लागणारच असेल तर एजंट कशाला?" काका, चाळीस बिलं तपासायला दोन संध्याकाळी जातात, ओटीपी टाकायला अर्धा मिनिट. मात्र दर बारीकसारीक गोष्टीला परवानगी मागितली तर माणूस न वाचताच 'ओके' दाबतो. म्हणून पैसे किंवा माहिती बाहेर जाणार असेल तिथेच अडवा.

शेवटी ठराव झाला: एजंट येईल, खात्याची चावी त्याच्याकडे नसेल.

सोसायटीचं ठीक आहे हो. पण तुमची पतसंस्था, तुमचं हॉस्पिटल, मुलांची शाळा? तिथे एजंटच्या हातात काय काय दिलंय, एकदा विचारा. उत्तर मिळालं तर कमेंटमध्ये सांगा. नाही मिळालं तर नक्कीच सांगा.