भिजणाऱ्याने नटू नये काय?

गेल्या जूनमध्ये रेनकोट या विषयावरून आमच्या घरी जे रणकंदन माजले, त्यात आमची बाजू चुकीची होती हे आरंभीच कबूल करून टाकतो. कन्येला बेलापूरच्या एका कचेरीत मुलाखतीला जायचे होते. नवीन पनवेलमधल्या घरापासून स्थानकापर्यंत स्कूटर, पुढे हार्बरची लोकल, आणि उतरल्यावर दहा मिनिटांची पायपीट, एवढाच प्रवास. त्यासाठी तिने आधीच एक देखणा रेनकोट घेऊन ठेवला होता. गर्द हिरवा रंग, कमरेला पट्टा, खांद्यांवर बटणाच्या दोन पट्ट्या, रुंद कॉलर, आणि आत गळ्यापाशी शिवलेल्या चिठ्ठीवर 'वॉटरप्रूफ' असे स्वच्छ लिहिलेले. किंमत आम्हांला विचारल्यावर सांगण्यात आली नाही, यावरून आम्ही ती ताडली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा मुलाखतीविषयी काही बोलली नाही. बोलली ती एवढेच, की दोन्ही खांदे आणि मांड्या भिजल्या होत्या, कुर्ता अंगाला चिकटला होता, आणि त्या थंडगार खोलीत दीड तास तिने प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरून काढला. "बाबा, ते काय विचारत होते याकडे माझे लक्षच नव्हते." यावर आमच्या तोंडून जे निघाले ते कुठल्याही मराठी बापाच्या तोंडून निघाले असते: "पावसात कशाला नटायचे? उरण नाक्यावर प्लास्टिकचे मिळतात, त्यातला एक घ्यायचा होतास." तिने शांतपणे उत्तर दिले, "तो घालून दारात उभी राहिले असते, तर रखवालदाराने पार्सल कुणाचे म्हणून विचारले असते."

या उत्तराने आम्ही गप्प झालो, आणि गप्प बसल्यावर माणूस जे करतो ते केले; रेनकोट उलटा करून पाहिला.

त्याचे कापड निर्दोष होते. नळाखाली धरले तरी पाणी मोत्यासारखे घरंगळून जाई. उत्पादक ज्या चाचणीचा दाखला देतात ती कापडाचीच असते: कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करायचा आणि किती उंचीला पाणी पलीकडे पाझरते ते मोजायचे. चिठ्ठीवरचे पाच हजार किंवा दहा हजार मिलिमीटर म्हणजे ही उंची. पण कापडाचा तुकडा कुणी अंगावर घालत नाही. तो कापून शिवावा लागतो, आणि सुई जिथे शिरते तिथे भोक पडते. शिवणीवर आतून पट्टी तापवून चिकटवली तर ते बुजते. कन्येच्या रेनकोटाला अशी पट्टी पाठीच्या मोठ्या शिवणीवर तेवढी होती. खांद्यांवरच्या त्या डौलदार पट्ट्या मात्र वरून नुसत्याच टाचलेल्या. पाऊस माणसाच्या अंगावर सर्वांत आधी पडतो तो डोक्यावर आणि खांद्यांवर. तिथेच शोभेच्या टाक्यांची रांग. खिशाचे झाकण, कमरेच्या पट्ट्याच्या लुप्पी, कडेची नक्षी, सगळीकडे तेच. आम्ही मोजायला बसलो आणि शंभराच्या पुढे नाद सोडून दिला.

उरण नाक्यावरचा तो प्लास्टिकचा झबला याच्या नेमका उलट. त्याला बहुधा टाकाच नसतो. दोन तुकड्यांच्या कडा उष्णतेने वितळवून एकजीव केलेल्या असतात. म्हणून तो पाणी खरोखरच अडवतो. तो घडीवर कडक होऊन पुढच्या वर्षी चिरतो हा वेगळा भाग. आणि महागातल्या कापडाची कथाही फार निराळी नाही. त्याच्या आतला पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू विघटित होतो. ऑक्टोबरात माळ्यावर टाकलेला रेनकोट जूनमध्ये काढावा तर हाताला चिकट लागतो आणि पापुद्रे सुटतात. कोकणात माळ्यावर टाकलेले काय कोरडे राहते?

आता त्या खांद्यांवरच्या पट्ट्यांचे. त्या तिथे आल्या कशा, हा प्रश्न आम्हांला काही दिवस छळत होता. थॉमस बर्बेरी नावाच्या इंग्रज कापडवाल्याने १८७९ साली गॅबर्डीन नावाचे घट्ट विणीचे कापड काढले. पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या राहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्या आणि तशा कापडांचे कोट वापरले, आणि 'ट्रेंच कोट' हे नाव रूढ झाले. खांद्यांवरच्या पट्ट्या अधिकाऱ्याच्या हुद्द्याची खूण लावण्यासाठी, कमरेचा पट्टा सामान अडकवण्यासाठी. युद्ध संपले, कोट सिनेमात गेला, सिनेमातून दुकानात आला आणि शंभर वर्षांनी आमच्या कन्येच्या अंगावर चढला. तिला हुद्दा लावायचा नव्हता. कुणा इंग्रज कप्तानाची निशाणी पनवेलच्या पावसात तिच्या खांद्यावर पाणी सोडत होती, इतकेच.

तो कोट ज्या पावसासाठी जन्मला तो पाऊसही आमचा नव्हे. थंड हवेतली ती रिपरिप. आमच्याकडे रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत उरकतो. शिवाय तो उकाड्यासकट येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसाचा हिशेब कुठल्याच कापडाला लावू नये. पण साध्या जुलैच्या साध्या सोमवारीही स्कूटरवरच्या माणसावर पाऊस पडत नाही, तो समोरून आदळतो, बसल्यावर मांडीच्या खोलगटात साचतो आणि चेनीच्या दातांतून आत उतरतो.

आणि बाहेरचे पाणी अडवले तरी आतले राहतेच. चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये विरघळवलेल्या रबराचा थर घालून जलाभेद्य कापडाचे पेटंट घेतले, तेव्हापासून घालणाऱ्यांची तक्रार हीच आहे, की पाऊस बाहेर राहतो आणि घाम आत. आपल्याकडे कलकत्त्याला सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये बेंगॉल वॉटरप्रूफचा कारखाना काढला. त्यांच्या 'डकबॅक' रेनकोटांनी कित्येक शाळकरी पिढ्यांना कोरडे ठेवले, पण त्यांतून निघताना मूल उकडलेल्या बटाट्यासारखे वाफाळत असे, हे ज्यांनी तो घातला त्यांना सांगायला नको. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनचा पदार्थ तापवून झटक्यात ताणला आणि त्यात इतकी सूक्ष्म छिद्रे पडली, की पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही आणि घामाची वाफ मात्र बाहेर जाते. युक्ती अलौकिक आहे. पण वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी किंवा थंड हवी. पनवेलच्या जुलैत हवा स्वतःच ओलीचिंब. आतली वाफ बाहेर जाऊन बसणार कुठे? म्हणजे परक्या डोंगरांवर मोलाचा ठरणारा तो महागडा कोट आमच्या स्थानकावर थोडा बरा झबला होऊन बसतो.

याच तालुक्यात या कोड्याचे उत्तर निघालेले होते, आणि आम्ही ते लहानपणी रोज पाहत होतो, हे लक्षात यायला मात्र आम्हांला एक भिजलेली मुलाखत लागली. भातलावणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवरचे इरले. बांबूच्या बारीक कांबींचा सांगाडा, त्यावर पळसासारखी रुंद पाने छपरावरच्या कौलांप्रमाणे एकावर एक. शिवण नाही, म्हणून भोक नाही. ते अंगाला चिकटत नाही, पाठीपासून सुटे राहते, म्हणून खालून वारा खेळतो आणि घाम वाळतो. दोन्ही हात मोकळे. आणि आम्ही हे आता म्हणतो आहोत, तेव्हा कुणी म्हणत नसे, पण हिरव्या खाचरात एका ओळीत पुढे सरकणारी ती इरली फार सुंदर दिसत. घोंगडीची खोळ पुरुषांची. ती पाणी पिते, पण भिजूनही ऊब सोडत नाही. ट्रेंच कोट ताठ उभ्या राहणाऱ्या अधिकाऱ्यासाठी बेतला गेला आणि इरले वाकून काम करणाऱ्या बाईसाठी. स्कूटरवर पुढे झुकून बसलेल्या मुलीचा देह यांतल्या कुणाला जवळचा, ते वाचकांनी ठरवावे.

इरले परत आणा असे आम्ही म्हणत नाही. ते घालून लोकलमध्ये शिरणाऱ्याचे काय होईल ते हार्बरच्या प्रवाशांना ठाऊक आहे. पुढेपुढे पानांवर प्लास्टिकचा कागद आला, मग इरलेच गेले. आणि तालुक्याच्या ज्या बाजूला ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, तिथली खाचरे आणि खाजणेही गेली. आमचे म्हणणे इतकेच, की त्या वस्तूमागे एक डोके होते, ज्याने आधी पाऊस पाहिला, मग अंग पाहिले आणि मग आकार काढला. आजच्या रेनकोटाच्या बाबतीत आकार आधी येतो, आणि अंगाने व पावसाने त्याच्याशी जुळवून घ्यायचे असते. साडी नेसलेल्या बाईने रेनकोट कसा घालावा, याचा विचार तर कुणी केलेलाच दिसत नाही. निऱ्या पिशवीत कोंबल्यासारख्या कोंबायच्या, नाहीतर गुडघ्याखाली भिजायचे. म्हणून आमच्या शिक्षिका, परिचारिका आणि बँकेतल्या बायका अजून छत्रीवर भागवतात, आणि पनवेलच्या वाऱ्यात छत्री किती टिकते तेही एकदा पाहून यावे.

यात आम्हा लिहिणाऱ्यांचाही वाटा आहे. मराठीत पावसावर जितके लिहिले गेले तितके क्वचितच कशावर लिहिले गेले असेल, पण त्यात सगळे भिजतात. भिजणे ही रसिकतेची खूण. छत्रीचा मान मोठा, राजाच्या पदवीत ती बसली. रेनकोटाला मात्र मराठीत धड शब्दही रुजला नाही. ऋतुपर्ण घोष यांनी २००४ मध्ये 'रेनकोट' नावाचाच चित्रपट केला. त्यातला रेनकोट उसना आणलेला आहे आणि दोन माणसे एकमेकांपासून आपली गरिबी लपवतात ती त्याच्या सोबतीने. तो चित्रपट आम्हांला तेव्हा फक्त करुण वाटला होता. पावसाळ्यात माणसाची ऐपत अंगावर उघडी पडते ही त्यातली गोष्ट आता कुठे उमगते आहे. भिजण्याची मौज ज्याला घरी जाऊन कपडे बदलता येतात त्याची. ज्याला भिजून आठ तास खुर्चीवर बसायचे आहे किंवा भिजत आठ तास पार्सले पोहोचवायची आहेत, त्याच्यासाठी कोरडे राहणे हा पोटाचा प्रश्न आहे. आणि नीटनेटके दिसणे? तेही पोटाचेच. 'पावसात कशाला नटायचे' हा आमचा शहाणपणा त्या रखवालदाराच्या प्रश्नाचीच दुसरी बाजू होती. प्लास्टिकच्या झबल्यातला माणूस आम्ही पार्सलवाला म्हणून ओळखतो, कारण त्याने बरे दिसावे अशी आमची अपेक्षाच नसते.

दिवाळीला दोनदा घालायच्या कपड्यांवर हजारो खर्चणारी आम्ही माणसे शंभर-सव्वाशे दिवस घालायच्या कपड्याला 'चार महिन्यांचा तर प्रश्न' म्हणून रस्त्यावरून उचलतो. मग बाजार तरी वेगळे कशाला करील?

शेवटी तो हिरवा रेनकोट घेऊन आम्ही बापलेक जुन्या पनवेलमध्ये ट्रकच्या ताडपत्र्या करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने तो दिव्यासमोर धरला आणि हसून म्हणाला, "टाका मारला तिथून पाणी येणारच, साहेब. आम्ही तापवून पट्टी चिकटवतो." त्याने खांद्यांवरच्या पट्ट्या उसवल्या, लुप्पी उसवल्या, सगळ्या भोकांवर आतून पट्टी बसवली. कन्येच्या सांगण्यावरून पाठीत एक रुंद पदर सोडून त्याखाली वारा यायला जागा केली, आणि पुढचा घेर वाढवला, म्हणजे मांडीवर पाणी साचू नये. वाढवलेले कापड मोरपंखी. हिरव्याशी ते जुळते हे तिचे मत, आणि आता ते आमचेही आहे. जुलैभर ती ते घालून हिंडली. लोकलमध्ये दोघींनी कुठून घेतला म्हणून विचारले.

खांदे कोरडे राहतात. चेनीतून मात्र अजून थोडे झिरपते. कारागीर म्हणतो चेन काढून आडवे झाकण लावू. कन्या म्हणते चेन राहील, झाकण तिच्यावरून येऊ दे, पण उभे. जूनच्या आत निकाल लागला पाहिजे.