जुना दिवा, नवी वायर

या वेळी आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो.

आमच्या आईने वीस वर्षे एका बंगल्यावर धुणीभांडी केली. बंगल्याच्या फाटकावर दोन पितळी दिवे होते. दर शनिवारी चिंच लावून ते लख्ख करायचे काम आईकडे. आमच्या चाळीच्या जिन्यात मात्र अंधार. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीने कर्ज काढून बदलापूरला बैठे घर घेतले, तेव्हा ती म्हणाली, "दादा, दाराबाहेर तसाच जुना पितळी दिवा पाहिजे. आईला त्याच्याखाली खुर्ची टाकून बसवायचं."

भाच्याला घेऊन आम्ही मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर गेलो. पहिल्या दुकानदाराने ६,५०० रुपये सांगितले. "साहेब, इंग्रजांच्या काळचा गॅसचा दिवा आहे!" मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले हे खरे, पण म्हणून बाजारातला प्रत्येक दिवा त्या काळचा ठरत नाही. नवे पितळ घडवून त्याला काळपट रंग देणारे पुष्कळ आहेत. भाच्याने लोहचुंबक लावले, ते चिकटले. म्हणजे आत लोखंड, वरून पितळेचा मुलामा. स्क्रूची खाचही अधिकच्या चिन्हासारखी. असे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले. एखादा स्क्रू मागाहून बदललेला असू शकतो, पण सगळेच तसे असले तर शंका घ्यावी.

पुढच्या दुकानात जहाजावरचा दिवा मिळाला. गुजरातेत अलंगला जुनी जहाजे तोडतात, तिथला असा माल बाजारात येतो. जाड काच, वर जाळी, वजनदार अंग. चुंबक चिकटले नाही. तेवढ्यावर भागत नाही, कारण ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. आतल्या बाजूला चाकूने बारीक ओरखडा काढला, पिवळे निघाले. घासाघीस करून २,८०० रुपयांना घेतला.

इथवर शहाणपणा केला, पुढे चूक केली. वायरमनचे पैसे वाचवावेत म्हणून आम्ही स्वतःच दिवा टांगला, आतली जुनी वायर तशीच ठेवून. पहिल्या पावसात भाच्याने काच पुसायला हात लावला आणि जोराचा झटका बसला. पायात रबरी चप्पल होती, म्हणून निभावले. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमनने दिवा उघडून दाखवला. वायरवरचे रबर बोट लावताच भुगा होत होते. अर्थिंग नव्हतेच. आम्ही विचारले, "एमसीबी का पडला नाही?" तो म्हणाला, "साहेब, एमसीबी वायर वाचवतो. माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरचा." त्याने तीन तारांची नवी वायर घातली, हिरवी तार पितळेच्या अंगाला घट्ट आवळली, होल्डर बदलला, काचेखाली नवे रबरी वायसर बसवले. वायर खालून वळसा देऊन आत घेतली, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता खाली ठिबकते. बल्ब छोटा एलईडीचा, म्हणजे दिवा तापत नाही. या सगळ्याला दिव्याइतकाच खर्च आला.

तेव्हा जुना दिवा घ्यायचा तर पितळ जुने घ्या, वायर नवी घाला. खिशातल्या पैशाचे आधीच दोन भाग करा : अर्धे दिव्याला, अर्धे वायरमनला. तेवढे नसतील तर साधा नवा दिवा लावा. त्यात कमीपणा काही नाही. आणि कोणी "शंभर वर्षांचा आहे" म्हणून जादा दाम मागितले, तर परवाना आणि पक्की पावती मागा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि तिच्या व्यापाराला परवाना लागतो. पावतीचे नाव काढले की शंभर वर्षांची पन्नास व्हायला वेळ लागत नाही.

आई आता संध्याकाळी त्या दिव्याखाली बसते. शनिवारी आम्ही चिंच भिजवून आणली, तर म्हणाली, "मी नाही हो घासणार. माझं झालं घासून." मग आम्ही आणि भाच्याने, बटण बंद करून, तो घासला.