केसपेपरवर नसलेला प्रश्न

माझ्या मोठ्या भावानं बारा वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या खाल्ल्या. त्या बारा वर्षांत एकाही डॉक्टरनं त्याला विचारलं नाही, की 11 जुलै 2006च्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता?

दादा जोगेश्वरी स्टेशनात होता. फाटलेल्या फर्स्ट क्लासच्या डब्यातून माणसं चादरीत घालून खाली उतरवत होता. पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, 180हून अधिक माणसं गेली, शेकडो जखमी झाली. दादाला साधं खरचटलंही नव्हतं, म्हणून तो कुठल्याच यादीत आला नाही. दुसऱ्या दिवशी लोकल धावल्या आणि मुंबईच्या ‘स्पिरिट’चे गोडवे सुरू झाले. हातावर पोट असलेला माणूस कामावर गेला, त्याला शौर्य म्हणायचं आणि त्याच्याकडे पाठ फिरवायची, हा हलकटपणा होता.

दादाही कामावर गेला, पण बसनं. बोरिवली ते अंधेरी, एस. व्ही. रोडच्या ट्रॅफिकमधून, रोज. घरात ताट पडलं की भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. मटण शिजत असलं की घराबाहेर जायचा. रात्री तीन वाजता गॅलरीत. वहिनी म्हणायची, “यांचा स्वभावच पालटला हो.” आमच्या भागातल्या एका दवाखान्यात मी त्याच्याबरोबर जायचे. केसपेपरवर लिहिलं जायचं: झोप नाही, चिडचिड. गोळी वाढवली. पुढचा पेशंट.

दादाचा आजार होता पीटीएसडी, म्हणजे भयंकर आघातानंतर जडणारा मानसिक आजार. हे निदान मानसोपचाराच्या पुस्तकांत 1980पासून आहे. या आजारातली झोपमोड, उदासी, दारू हे सगळं डिप्रेशनसारखंच दिसतं. आणि घडलेल्या गोष्टीबद्दल बोलणं टाळणं हेच मुळी या आजाराचं लक्षण आहे. पेशंट आपणहून सांगेल म्हणून वाट पाहणारा डॉक्टर आजाराच्या बाजूनं उभा असतो. ओपीडीत गर्दी असते, मान्य. पण एवढं विचारायला दहा सेकंद लागतात.

या उपनगरांत काय कमी घडलंय? 2003मध्ये मुलुंडला लोकलमध्ये स्फोट झाला. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. 13 मे 2024ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून 17 जण गेले. आणि ज्यांची कधी बातमीच होत नाही, त्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका ‘अंग दुखतं, झोप लागत नाही’ म्हणत याच रांगांत बसलेल्या असतात.

2019मध्ये एका शिकाऊ डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “काका, काही भयंकर पाहिलंय का तुम्ही?” दादा तासभर रडला. खरे उपचार त्या दिवशी सुरू झाले. आता तो अंधेरीला लोकलनं जातो, जोगेश्वरी येईपर्यंत दांडा घट्ट धरून.

महापालिकेनं हा प्रश्न प्रत्येक मानसोपचार ओपीडीच्या केसपेपरवर छापावा. तोवर, तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं गोळ्या खात असेल, तर त्या मनानं बंद करू नका. पण पुढच्या खेपेला सोबत जा आणि त्या माणसाला विचारून, त्याची तयारी असेल तर, काय घडलं होतं ते डॉक्टरांना सांगा. ते विचारतील या भरवशावर राहू नका.